ओल्या दुष्काळात उपकारस्तुती कशी करावी?

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका असून गावातील लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदार आहेत, आणि गेली वीस-बावीस वर्षे रविवारच्या उपासनेत पेटी (हार्मोनियम) वाजवत गीते त्याच धरतात. मंडळीत चाळीसेक कुटुंबे आहेत. त्यांतील निम्मी अल्पभूधारक शेतकऱ्यांची, काही शेतमजुरांची, आणि आठ-दहा कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जाणारी. पाळकसाहेबांकडे (मंडळीच्या धर्मगुरूंकडे) अशा चार मंडळ्या असल्यामुळे त्यांचे येणे महिन्यातून एकदाच होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सोयाबीन पाण्याखाली कुजले, नदीकाठच्या जमिनी खरडून गेल्या, आणि त्यानंतर काही दिवसांतच मंडळीतील एका तरुण शेतकऱ्याने आपले जीवन संपवले. त्याच्या अंत्यविधीची उपासना चर्चमध्ये होऊ नये, असे मंडळीच्या एका पंचांनी सुचवले. पुढच्या रविवारी बाहेरून आलेल्या उपदेशकांनी ‘विश्वास कमी पडला की माणूस खचतो’ असे सांगितले, आणि मृताची पत्नी दोन लेकरांना घेऊन पुढच्याच बाकावर ते ऐकत होती. तेव्हापासून या भगिनींना आशेची गीते म्हणवत नाहीत. नोव्हेंबरातला पीक अर्पणाचा सण यंदा रद्द करावा, असे कमिटीत काहींचे म्हणणे आहे. पुण्यात नोकरी करणारा मुलगा ‘आता तिकडे काय उरले आहे’ म्हणून बोलावतो आहे. त्या विचारतात: ज्या आशेवर माझाच विश्वास उरलेला नाही, ती इतरांकडून गाऊन घेणे हा खोटेपणा नाही का? राजीनामा देऊन मी पुण्याला जावे का?

ताई, सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, आणि प्रत्येक वेळी त्याच एका ओळीवर थांबलो, जिथे तुम्ही लिहिता की पेटीचा भाता हलवला, सूर निघाला, पण पहिला शब्द ओठांवर आला नाही. तुम्ही याला विश्वासाचा ऱ्हास म्हणता. मला ते तसे वाटत नाही. ज्या घरात नुकतेच एवढे घडले, त्या घरातली माणसे समोर बसलेली असताना नेहमीच्याच उत्साहात गीत सुरू करणे तुम्हांला जमले नाही, यात मला तुमची त्या घराविषयीची माया दिसते. तरीही तुमचा प्रश्न खरा आहे आणि तो मायेच्या शब्दांनी झाकून टाकणे योग्य होणार नाही, म्हणून आधी हे पाहू, की तुमचा विश्वास उडाला तो नेमका कोणत्या आशेवरचा.

पत्रात तुम्ही ती स्वतःच सांगितली आहे: पुढचे साल बरे येईल, कर्ज फिटेल, शहरात गेलेली मुले परत येतील, बाके पुन्हा भरतील. या सगळ्या इच्छा चांगल्या आहेत, त्यांसाठी प्रार्थना करणे योग्य आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात तर पेरणी ही याच इच्छेवर होते. परंतु प्रभूने यांपैकी कशाचेही वचन आपल्याला दिलेले नाही. आपल्या व्यासपीठांवरून अलीकडे हे दोन्ही एकत्र मिसळून सांगितले जाते, आणि मग पाऊस चुकला किंवा जास्त झाला की ऐकणाऱ्याला वाटते, एकतर देव खोटा ठरला किंवा आपला विश्वास तोकडा पडला. तुमचा अविश्वास या मिसळलेल्या आशेवरचा आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला बत्तिसावा अध्याय तुम्ही संडे स्कूलमध्ये शिकवला असेल, पण या वर्षी तो पुन्हा उघडून पाहावा अशी माझी विनंती आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातलेला आहे. शहर पडणार, हे यिर्मया स्वतःच सांगत आला आहे, आणि तसे सांगितल्याबद्दल तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे. ते शेत शत्रूच्या ताब्यात जाणार हे ठाऊक असूनही यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो, त्याची एक मोहोरबंद आणि एक उघडी प्रत आपला लेखनिक बारूख याच्या हाती देऊन सांगतो, की हे दोन्ही कागद मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील. या देशात पुन्हा घरे, शेते आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, एवढाच त्या व्यवहाराचा आधार होता. पुढे शहर पडलेच. यिर्मयाला लोक मिसरात (इजिप्तमध्ये) घेऊन गेले, आणि त्या शेतात त्याने कधी नांगर धरल्याचा उल्लेख शास्त्रात नाही.

या अध्यायात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की ज्या माणसाने आशेचे एवढे मोठे कृत्य केले, त्याला त्या दिवशी आशा ‘वाटत’ होती असे कुठेही म्हटलेले नाही. उलट खरेदीखत झाल्यावर त्याने जी प्रार्थना केली तिचा शेवट जवळजवळ तक्रारीचा आहे, की प्रभू, शहर शत्रूच्या हाती जाते आहे आणि तू मला शेत घे म्हणतोस. मनाची उभारी हा आशेचा पुरावा नाही. तुम्ही खजिनदार आहात, सातबारा आणि पावतीची किंमत तुम्हांला सांगायला नको. त्या वर्षी यिर्मयाची आशा एका कागदाच्या आणि एका मडक्याच्या रूपात होती, आणि तेवढी ती पुरेशी होती.

म्हणून मला पहिली सूचना मंडळीच्या कागदांविषयी करायची आहे, आणि ती गीतांपेक्षा तातडीची आहे. त्या तरुणाच्या पत्नीबरोबर तहसील कार्यालयात कोण जाते आहे? शेतकरी आत्महत्येच्या पात्र ठरलेल्या प्रकरणात शासनाकडून १ लाख रुपयांची मदत मिळते, परंतु प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हास्तरावरची समिती कागदपत्रे पाहून ठरवते, आणि पोलीस पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, कर्जाची व जमिनीची कागदपत्रे दुःखात बुडालेल्या बाईने एकटीने गोळा करावीत ही अपेक्षाच क्रूर आहे. जमीन मयताच्या नावावर असेल तर वारस नोंद वेळेत करून घ्यावी. ख्रिस्ती कुटुंबाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील तर पत्नीचा हिस्सा एक तृतीयांश आणि मुलांचा मिळून दोन तृतीयांश असतो. हे तिला कोणीतरी शांतपणे समजावून सांगितले, तर दीर-सासऱ्यांशी बोलताना तिचा आवाज दबणार नाही. अर्थात आपल्याकडे अनेक कुटुंबांच्या कागदांवर धर्माची नोंद वेगळी असते. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या सवलती मिळत नाहीत, आणि त्यातून आलेली ही जुनी गुंतागुंत आहे. ती कुणाला लाज वाटावी अशी गोष्ट नव्हे, पण वारशाच्या प्रकरणात ती आडवी येऊ शकते, तेव्हा जाणत्या वकिलाचा सल्ला आधीच घ्यावा. तुम्ही शिक्षिका म्हणून तीस वर्षे सरकारी कागद भरले आहेत. मंडळीत हे काम तुमच्याइतके नीट करू शकणारे दुसरे कोणी आहे का, याचा विचार करा.

आता त्या उपदेशाविषयी. जे बोलले गेले ते चुकीचे होते, आणि हे मी उपदेशकांचा मान राखूनही स्पष्ट लिहितो. बायबलमधल्या ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर न बोलता बसून राहिले, तोवर ते त्याचे मित्र होते. त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण त्याच्यातच शोधायला सुरुवात केली, तेव्हा ते घसरले, आणि शेवटी देवाने दोष दिला तो त्यांना. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी ‘पाप कोणी केले’ असे विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच नाकारला. अंत्यविधीबाबत ज्या पंचांनी हरकत घेतली त्यांनाही मी वाईट म्हणणार नाही, कारण जुन्या पिढीने तेच ऐकलेले आहे. परंतु रोमन कॅथोलिक मंडळीच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातही (मंडळीच्या नियमसंहितेतही) अशा मृत्यूला ख्रिस्ती अंत्यविधी नाकारणारी जुनी तरतूद ठेवलेली नाही, आणि ज्यांनी आपले जीवन संपवले त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, अशीच तिची शिकवण आहे. मग आपल्या चाळीस घरांच्या मंडळीने त्याहून कठोर का व्हावे? पाळकसाहेब पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांना घेऊन त्या घरी जा. उपदेशकांची बाजू सांभाळत बसू नका. ‘त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये जे बोलले गेले ते आम्हांला मान्य नाही’ एवढे एक वाक्य पाळकांच्या तोंडून त्या बाईने आणि तिच्या मुलांनी ऐकणे आवश्यक आहे. मुले मोठी झाल्यावर बापाविषयी काय आठवतील, ते बऱ्याच अंशी यावर ठरेल.

गाण्याचा प्रश्न मी टाळलेला नाही. तुम्ही लिहिता की गीतपुस्तकातली आशेची गीते आता खोटी वाटतात. पण आपण निवडून निवडून ठरावीक वीस-पंचवीस गीतेच म्हणतो, हे त्यामागचे एक कारण असावे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला ‘किती वेळ’ असे पुन्हा पुन्हा विचारतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, तिथे शेवटी उजाडत नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे. एकशे सदतिसाव्या स्तोत्रातील, बाबेलला नेलेल्या बंदिवानांनी आपल्या वीणा झाडांवर टांगून ठेवल्या, कारण परक्या भूमीत प्रभूचे गीत कसे गावे हे त्यांना कळेना. तुमची बंद पडलेली पेटी त्या वीणांच्या रांगेतली आहे, ताई. आणि गंमत नव्हे, खरोखर लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, ‘आम्हांला गाता येत नाही’ हेच त्यांचे गीत झाले आणि आपण ते आजही वाचतो.

तेव्हा पुढचे काही रविवार उपासनेच्या सुरुवातीला गीत ठेवूच नका. एखादे विलापाचे स्तोत्र कोणीतरी सावकाश वाचावे, त्यानंतर दोन मिनिटे सर्वांनी शांत राहावे, आणि ज्यांचे या वर्षी नुकसान झाले त्यांनी आपल्या गावाचे किंवा शिवाराचे नाव घ्यावे. मग एखादे गीत दुसऱ्या कोणाला धरू द्या. तुम्ही केवळ बसून राहिलात तरी चालेल. तुम्हांला म्हणता येत नाही तेव्हा तुमच्या मागच्या बाकावरची म्हातारी ते म्हणते, आणि ज्या दिवशी तिचा घसा दाटून येईल त्या दिवशी तुम्ही म्हणाल. एकाच माणसाला बावीस वर्षे सर्वांच्या वतीने आशा धरायला लावणे ही मंडळीची चूक होती. तुम्ही थकलात यात नवल नाही.

पीक अर्पणाचा सण मात्र रद्द करू नये, असे माझे ठाम मत आहे. रद्द करण्यामागचा हेतू चांगला आहे: ज्यांच्याकडे आणायला काही नाही त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये. पण त्या अवघडलेपणाचे मूळ सणात नसून आपल्या लिलावात आहे, असे मला वाटते. पहिल्या कणसाला, कोंबड्याला, भोपळ्याला कोण किती बोली लावतो, यावर आपण हशा-टाळ्यांत घरांची ऐपत मोजत आलो आहोत. बऱ्या वर्षी ते खपून जाते, वाईट वर्षी ते बोचते. यंदा लिलाव बाजूला ठेवा. ज्यांच्याकडे धान्य आहे त्यांनी धान्य आणावे. ज्यांचे सोयाबीन कुजले त्यांनी कुजलेल्या शेंगांची मूठ आणावी, ज्यांची जमीन खरडून गेली त्यांनी उरलेल्या मुरमाचा एखादा खडा आणावा, आणि तेही त्याच मेजावर, त्याच पांढऱ्या कापडावर ठेवले जावे. हबक्कूक संदेष्ट्याच्या शेवटच्या अध्यायात अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत अशी यादी आधी येते, आणि उपकारस्तुती त्यानंतर. यादी गाळून स्तुती करायला त्याने सांगितलेले नाही. जमा झालेले धान्य विकू नका. चर्चच्या खोलीत दोन कोठ्या ठेवून ती मंडळीची धान्यपेढी करा, तिच्या वहीत कोणी किती नेले याची नावे लिहू नका, आणि शक्य असेल तर रोख दानार्पणातला काही भाग पुढच्या पेरणीच्या बियाण्यासाठी राखून ठेवा. नाव न लिहिण्याने हिशोब चुकेल अशी भीती खजिनदार म्हणून तुम्हांला वाटेल. आवक लिहा, शिल्लक लिहा; मधला फरक देवाला ठाऊक आहे.

ऊसतोडीच्या कुटुंबांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, की ‘ते नाताळला नसतात, त्यामुळे बाके आणखी रिकामी दिसतात’. या वाक्यावर जरा थांबा. त्यांच्या बाजूने पाहिले तर रिकामी बाके ही त्यांची अडचणच नाही. त्यांचा नाताळ कुठल्यातरी कारखान्याच्या परिसरात, पाचटाच्या कोपीत, पहाटेच्या थंडीत फडावर जाऊन होतो, आणि बहुधा त्या दिवशी त्यांना कोणी फोनही करत नाही. टोळी निघण्यापूर्वी मुकादमाचे नाव, कारखाना आणि एक फोन नंबर लिहून घ्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्या वस्तीवर घरसभा घेऊन प्रार्थना करा. मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आणि लेकरांकडे आठवड्याला कोण जाईल ते ठरवा. तुमच्या कमिटीतले तरुण मोबाईलवर नाताळची उपासना त्यांना ऐकवू शकतात. येत्या वर्षी पुनरुत्थानाचा रविवार (ईस्टर) ५ एप्रिल २०२६ रोजी आहे. बहुतेक टोळ्या तोवर परतलेल्या असतात किंवा परतीच्या वाटेवर असतात. तो रविवार त्यांच्या स्वागताचा व्हावा.

आणखी एक गोष्ट, जी फक्त तुमच्या गावापुरती नाही. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात जीवन नकोसे झाल्याचे विचार येत असतील, किंवा मंडळीतला कोणी अचानक गप्प झाला असेल, झोप उडाली असेल, देणी-घेणी आवरल्यासारखे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि ‘प्रार्थना करा’ एवढेच सांगून परतू नका. त्याला सरळ, मायेने विचारा. तसे विचारल्याने विचार बळावत नाहीत. टेलि-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. तो क्रमांक चर्चच्या सूचना फलकावर ठळक अक्षरांत लावा. डॉक्टरकडे जाणे हे विश्वासाच्या विरुद्ध नाही, हे पाळकांनी व्यासपीठावरून एकदा तरी सांगावे.

बाकांच्या संख्येविषयी मी थोडेच लिहितो. तुमच्याच जिल्ह्यात, जालन्याजवळ, एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यामुळे त्यांना आपल्या नात्यागोत्याला मुकावे लागले होते, आणि निजामाच्या मुलखात त्यांच्यापाशी सुरुवातीला जमलेली माणसे थोडी आणि बहुतांशी निर्धन होती. चाळीस घरांची मंडळी ही संपत चाललेली मंडळी असते, हे आपण शहरातल्या भरलेल्या चर्चकडे पाहून ठरवतो. इथल्या इतिहासात तिचे ते आकारमान पुष्कळदा नेहमीचेच होते.

राहिला पुण्याचा प्रश्न. तुम्ही जाणे म्हणजे पळ काढणे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. प्रभूच्या वधस्तंभावरील मृत्यूनंतर अम्माऊसच्या वाटेवरचे दोन शिष्य यरुशलेम सोडून चालले होते, आणि ‘आम्हांला आशा होती’ असे ते भूतकाळात बोलत होते, अगदी तुमच्यासारखेच. पुनरुत्थित प्रभू त्यांच्याबरोबर चालू लागला तो ते परत फिरल्यानंतर नव्हे, ते दूर जात असतानाच. आणि त्याने आधी विचारले की तुम्ही काय बोलत आहात, आणि त्यांचे ऐकून घेतले. तेव्हा मुलाकडे जाण्यात पाप नाही. तुमचे वय आहे, गुडघे दुखतात हेही तुम्ही लिहिले आहे, आणि नातवंडांजवळ राहावेसे वाटणे ही साधी, चांगली इच्छा आहे. मात्र तुम्ही हा निर्णय अंत्यविधीनंतरच्या आठवड्यांत, रागाच्या आणि शोकाच्या भरात घेऊ नये, असे मला वाटते. मुलाला सांगा की ५ एप्रिलनंतर ठरवते. दरम्यान नाताळला आठवडाभर त्याच्याकडे राहून या. तिथे रविवारी कुठे जाल, कोणाशी बोलाल, हेही कळेल. आणि राहायचे ठरो वा जायचे, खजिनदारीची वही आतापासूनच दुसऱ्या कोणाला समजावून द्यायला लागा, कारण तुमच्यामागे ती उघडणारे कोणी नाही हे बरे नव्हे.

पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिले आहे, की त्या तरुणाची थोरली मुलगी, सातवीतली, उपासनेनंतर पेटीजवळ रेंगाळते आणि एकेक पट्टी दाबून पाहते. तिला पुढच्या शनिवारी दुपारी घरी बोलवा. आधी फक्त सा धरायला शिकवा, भाता किती हलवायचा ते दाखवा, आणि काही खाऊ घालून अंधार पडायच्या आत तिच्या आईकडे पोचवा. गीत कोणते शिकायचे ते तिला निवडू द्या.